पत्र्याच्या डब्यातली सहा बेअरिंगं

मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा आग्रह गेली दोन वर्षं चालू होता. अंकात पाककृती येतात, प्रवासवर्णनं येतात, जुन्या बेळगावच्या आठवणी येतात. मी पडलो मशीनशॉपमधला माणूस. उद्यमबागेत बत्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे लिहिण्यासारखं काय असणार, असं म्हणून मी टाळत आलो. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडलं ते सांगायलाच हवं असं वाटलं. कारण हा अंक वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराच्या दारात एक तरी मोटरसायकल उभी असते आणि तिच्यावर आपलंच कुणीतरी रोज जा-ये करत असतं.

माझा मुलगा औषध कंपनीत एमआर आहे. खानापूर, नंदगड, जांबोटी आणि महिन्यातून दोन-तीनदा चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा, असा त्याचा फिरतीचा भाग. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर सहज होतात. गाडी साधी, दीडशे सीसीची, आणि ती सांभाळायची जबाबदारी माझी, असा आमच्यात अलिखित करार. दर रविवारी तो सकाळी चक्कर मारून आला की मी गाडी धुणार, चेनला तेल देणार, हवा बघणार. रिकाम्या वेळेचा उद्योग म्हणा, की जन्मभराची खोड म्हणा.

पहिली जोडी, दुसरी जोडी

फेब्रुवारीत गाडीच्या मागच्या चाकातून घरघर ऐकू यायला लागली. तेव्हा ३८ हजार किलोमीटर झाले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेस्त्री आहे, हात चांगला, माणूस सरळ. त्याने चाक हातात धरून हलवलं आणि सांगितलं, "काका, व्हील बेअरिंग गेलंय बघा." मीही चाक हलवून पाहिलं. खरंच होतं. ३८ हजार म्हणजे काही वाईट आयुष्य नव्हे, असं म्हणून मी नवी जोडी आणून दिली.

जुनी बेअरिंगं काढताना मेस्त्रीने नेहमीप्रमाणे आतून पंच लावून हातोडीने ठोकली. दोन बेअरिंगांच्या मधोमध हबमध्ये एक लोखंडी नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ठोकाठोकीत त्या नळीच्या तोंडाला मार बसला आणि कड बाहेर फुटली. मेस्त्री ती कानशीने घासायला निघाला, तेव्हा माझ्यातला टर्नर जागा झाला. म्हटलं, "थांब, अशी वेडीवाकडी घासू नकोस. मी करून आणतो." गेलो उद्यमबागेत जुन्या सहकाऱ्याच्या शॉपमध्ये, नळी लेथवर बांधली आणि दोन्ही तोंडांना झकास फेसिंग मारून आणली. आरशासारखी. मेस्त्रीला दाखवली तर तो म्हणाला, "काका, हात अजून गेला नाही की तुमचा!" मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

जूनच्या सुरुवातीला पुन्हा तीच घरघर. जेमतेम साडेचार हजार किलोमीटर झाले होते. मी आधी दुकानदाराला दोष दिला, माल डुप्लिकेट असणार. मग मुलाला धरलं. "खड्डा बघून गाडी हळू करायला काय होतंय तुला? बेअरिंग काय, चाकच तोडशील एक दिवस." तो म्हणाला, "बाबा, खानापूरचा रस्ता काय मी केलाय?" त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता.

तिसरी जोडी मी स्वतः बिल घेऊन, नावाजलेल्या कंपनीची आणली आणि बसवताना डोक्यावर उभा राहिलो. ॲक्सलचा नट पूर्ण आवळल्यावर चाक जरा जड फिरत होतं. मेस्त्री म्हणाला, "काका, मागच्या वेळीबी असंच जड झालं हुतं. म्हणून मी नट थोडा सैल ठेवला हुता." हे ऐकून मी भडकलो. ॲक्सलचा नट कुणी सैल ठेवतं का? पाना घेऊन मी स्वतः तो पूर्ण आवळला. चाक जड फिरतंय त्याचं काय? "नवीन बेअरिंग आहे. शंभर किलोमीटर पळालं, ग्रीस पसरलं, की मोकळं होईल." हे माझे शब्द. आज आठवले की स्वतःचाच राग येतो.

चोर्ल्यातून आलेला फोन

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलगा गोव्याला निघाला. त्या दिवशी पहाटेपासून पावसाने झोडपलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. "बाबा, मी घाटात थांबलोय. मागचं चाक हातानं हलतंय."

जांबोटी सोडल्यावर आवाज सुरू झाला होता, पण पावसात आणि हेल्मेटच्या आत त्याला तो टायरचा वाटला. कणकुंबी मागे पडलं, चोर्ला गाव गेलं आणि उतार सुरू झाल्यावर एका वळणावर गाडीचं बूड डावी-उजवीकडे हललं. दुसऱ्या वळणावर पुन्हा. त्याने तिथेच कडेला घेतली. हबला हात लावला तर चटका बसला. भर पावसात हब तापलेलं होतं.

गाडी टेंपोत घालून परत आणली. चाक काढलं तर डाव्या बाजूच्या बेअरिंगचा पिंजरा, म्हणजे छर्रे एकमेकांपासून दूर ठेवणारी पत्र्याची पट्टी, तुटून तिचे तुकडे झाले होते. छर्रे एका बाजूला गोळा झालेले. बसवल्यापासून अवघे नऊशे किलोमीटर. असं बेअरिंग आणखी काही मैल चाललं तर एक तर चाक अडकतं, नाही तर इतकं झुलायला लागतं की गाडी हातात राहत नाही. चोर्ल्याच्या उतारावर, ओल्या रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना तसं झालं असतं तर? त्या रात्री हिने काही न बोलता जेवण वाढलं. मुलगाही काही बोलला नाही. मला झोप लागली नाही.

डबा उघडला

आमच्या शॉपमधला एक नियम होता: मोडलेला भाग कधी फेकायचा नाही, तो काय सांगतो ते आधी वाचायचं. त्या सवयीने मी जुनी बेअरिंगं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी डबा उघडला. तीन जोड्या, सहा बेअरिंगं. वाचायला मात्र मी फार उशिरा बसलो होतो.

आधी दोन शब्द बेअरिंगविषयी. मोटरसायकलच्या चाकात बहुतेक वेळा बॉल बेअरिंग असतं. बाहेरची रिंग हबमध्ये घट्ट बसलेली, आतली रिंग ॲक्सलवर, आणि दोघींमधल्या चरीत फिरणारे छर्रे. बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो. आमच्या गाडीला ६३०२. शेवटचे दोन अंक आतल्या भोकाचं माप सांगतात: ०१ म्हणजे १२ मिमी, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या अंकाला पाचाने गुणायचं, म्हणजे ०४ ला २० मिमी. पुढे 'झेडझेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, '२आरएस' असेल तर रबरी सील. पाण्याचिखलात चालणाऱ्या गाडीला रबरी सीलचं बरं.

छर्रे आणि चर यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. या मापाच्या साध्या बेअरिंगमध्ये ती ३ ते १८ मायक्रॉन असते. एक हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही ती बरीच कमी. एवढ्या बारीक हिशोबावर माणसाचं आणि गाडीचं ओझं पळत असतं. या बेअरिंगचं मुख्य काम उभं वजन पेलणं. आडवा दाबही ते सोसतं, पण बेताचा. आणि बॉल बेअरिंगचा एक नियम आम्हाला शिकाऊ असतानाच घोकून घेतला होता: ओझं दुप्पट केलं की आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं.

आता डब्यातली बेअरिंगं. सील काढून, पिंजरा कापून, छर्रे एका बाजूला सारले की आतली रिंग सुटते. एकेक उघडून रॉकेलमध्ये धुतलं आणि भिंग घेऊन बसलो.

पहिल्या जोडीत, धुण्याआधी, ग्रीसच्या जागी विटकरी रंगाचा चिखल होता. चरीवर गंजाचे खड्डे. हे पाण्याने मेलेलं बेअरिंग. पाणी कुठून आलं? पावसातून थोडं, आणि माझ्याकडून पुष्कळ. रविवारी मुलगा चक्कर मारून आला की मी लगेच प्रेशरच्या पाइपने चाकं धूत असे, हबवर जवळून फवारा मारून. चाललेल्या गाडीचं हब गरम असतं. त्यावर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. वरून प्रेशर. धुवून गाडी चकचकीत दिसायची आणि आत गंज चढायचा.

दुसऱ्या जोडीत गंज नव्हता. पण आतल्या रिंगच्या चरीत सारख्या अंतरावर बारीक खळगे होते, छर्ऱ्यांच्या अंतराइतक्याच अंतरावर. हे हातोडीचे शिक्के. बेअरिंग हबमध्ये ठोकताना मार बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो. आतल्या रिंगवर ठोकलं तर तो धक्का छर्ऱ्यांमधून जातो आणि चरीवर ठसे उमटतात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी असतं.

पण दुसऱ्या जोडीत आणखी एक गोष्ट होती, आणि तिसऱ्या जोडीत फक्त तीच होती. छर्ऱ्यांच्या धावण्याची चकाकती पट्टी चरीच्या मधोमध हवी. इथे ती एका काठाला सरकली होती. दोन्ही बेअरिंगांत, समोरासमोर, एकमेकाच्या उलट बाजूंना. तिसऱ्या जोडीत तर काठाचं पोलाद उष्णतेने निळं पडून त्याचे पापुद्रे निघाले होते. याचा अर्थ एकच. दोन्ही आतल्या रिंगा सतत एकमेकींकडे ओढल्या जात होत्या. आणि दोन आतल्या रिंगांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर ठेवण्याचं काम ज्याचं, तो म्हणजे स्पेसर. ती माझी आरशासारखी नळी.

तीन दशांश मिलिमीटर

डीलरकडून नवा स्पेसर आणला आणि दोन्ही व्हर्निअरमध्ये धरले. माझी नळी ०.३ मिलिमीटरने आखूड होती.

तीन दशांश म्हणजे एखाद्या पोस्टकार्डाची जाडी. पण हिशोब मायक्रॉनचा आहे, आणि ०.३ मिमी म्हणजे ३०० मायक्रॉन. हबच्या आत दोन्ही बाजूंना पायरी असते. बाहेरची रिंग त्या पायरीवर टेकते. स्पेसर त्या दोन पायऱ्यांमधल्या अंतराहून किंचित लांब बनवलेला असतो, त्यामुळे ॲक्सलचा नट आवळला की सगळा दाब आतली रिंग, नळी, दुसरी आतली रिंग, असा सरळ जातो. छर्ऱ्यांना तो लागत नाही. नळी आखूड असेल तर आतल्या रिंगा नळीपर्यंत पोचतच नाहीत. नटाचा दाब छर्ऱ्यांवर येतो. आणि ॲक्सलच्या नटाचा दाब म्हणजे गंमत नव्हे, हाताने पाना मारला तरी तो टनाच्या हिशोबात जातो.

आता सगळं जुळलं. नट आवळल्यावर चाक जड का झालं ते कळलं. मेस्त्रीने नट सैल ठेवला तेव्हा बेअरिंग साडेचार हजार किलोमीटर का चाललं, आणि मी पूर्ण आवळल्यावर नऊशेत का संपलं, तेही कळलं. सैल नट हा काही उपाय नव्हता. नट सुटून पडला असता तर वेगळाच अपघात झाला असता. पण जड फिरणारं चाक आम्हाला काहीतरी सांगत होतं. त्याने त्यावर चुकीचा तोडगा काढला आणि मी तर ऐकलंच नाही.

बत्तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, "आधी माप घ्या, मग हत्यार लावा." आणि स्वतःच्या मुलाच्या गाडीची नळी फेसिंगला घेताना मी आधीचं माप घेतलं नव्हतं. बर निघेपर्यंत थोडं, मग तोंड सरळ दिसावं म्हणून थोडं, मग दुसरं तोंडही तसंच हवं म्हणून थोडं. खड्ड्यांना दोष दिला, दुकानदाराला दिला, मुलाला दिला.

संध्याकाळी मुलाला बसवून दोन्ही नळ्या दाखवल्या आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्याने व्हर्निअर हातात घेऊन दोन्ही मापं स्वतः घेतली. मग म्हणाला, "बाबा, आता मला शिकवा. तुमच्यावर सगळं टाकून मीही बघितलं नाही कधी." मेस्त्रीकडेही गेलो. तो म्हणाला, "काका, कड माझ्या पंचानंच फुटली हुती की. निम्मी चूक माझी." निम्मी त्याची असेल, पण शहाणपणाचा पगार मी घेत होतो.

घरच्या घरी कसं ओळखाल

यासाठी मेस्त्रीची गरज नाही. महिन्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात.

गाडी मधल्या स्टँडवर लावा. मागचं चाक वर आणि खाली, असं दोन हातांनी धरून आडवं हलवा, एक हात ढकलतो तेव्हा दुसऱ्याने ओढायचं. 'टक' असा धक्का हाताला जाणवला तर बेअरिंग ढिलं झालंय. मात्र चाकाबरोबर स्विंग आर्मही हलत असेल तर दोष तिच्या बुशचा असू शकतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी ॲक्सलच्या टोकाशी बोट लावून ठेवायला सांगा, म्हणजे नेमकं काय हलतंय ते कळतं. पुढचं चाक तपासायला कुणाला तरी मागे बसवून ते उचला. पुढे-मागे ओढल्यावर फोर्कसकट हाललं तर कोनसेट बघा, नुसतं चाक हाललं तर बेअरिंग.

मग चाक हाताने फिरवा. स्क्रूड्रायव्हरचं टोक ॲक्सलजवळ, न फिरणाऱ्या भागावर टेकवून मुठीला कान लावा. चांगलं बेअरिंग सळसळतं, बिघडलेलं खरखरतं. चेन आणि ब्रेक यांचा आवाज मध्ये येतो, तेव्हा शंका असेल तर चेन उतरवून आणि ब्रेक मोकळा करून पुन्हा ऐका.

चालवताना वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून इंजिनचा आवाज उतरू द्या. घरघर तशीच राहिली तर ती इंजिनची नाही, चाकाची किंवा टायरची आहे. वळणावर मागची बाजू झुलणं, पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर कधी लगेच लागणं तर कधी खोल जाणं, हीदेखील बेअरिंगची लक्षणं असतात. चाक ढिलं झालं की डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलले जातात.

आणि आमच्या अनुभवातली सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. बेअरिंग बदलल्यावर, चेन उतरवलेली आणि ब्रेक मोकळा असताना, नट सैल ठेवून चाक फिरवा, मग नट पूर्ण आवळून फिरवा. दोन्ही वेळा चाक सारखंच फिरलं पाहिजे. आवळल्यावर जड होत असेल तर स्पेसर आखूड आहे, विसरला आहे किंवा काहीतरी उलटसुलट बसलंय. 'चालून मोकळं होईल' असं कुणी म्हणालं, तर माझी गोष्ट आठवा.

बदलताना आणि जपताना

पूर्वीची बेअरिंगं कशाने गेली ते कळल्याशिवाय नवी बसवू नका. एका बाजूचं गेलं असलं तरी जोडी बदला, आणि बाहेरचे ऑइल सीलही त्याच वेळी नवे घाला. बऱ्याच गाड्यांना मागच्या स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक बेअरिंग असतं, तेही बोटाने फिरवून बघा. बेअरिंगची किंमत बघून दुकान निवडू नका, नकली माल बाजारात आहे. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन आणा.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब गरम पाण्याने शेकून, कोरडं करून घ्या. बेअरिंग आकसतं, हब फुगतं आणि अर्धं काम सोपं होतं. आमच्या घरी मटारच्या पिशवीशेजारी बेअरिंग बघून हिने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बसवताना बाहेरच्या रिंगएवढ्या मापाचा सॉकेट किंवा जुनंच बेअरिंग वर ठेवून सरळ दाबा. आधी एक बाजू तळापर्यंत, मग स्पेसर, मग दुसरी बाजू. कुठली बाजू आधी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, आणि नट किती आवळायचा तेही. मेस्त्रीकडे टॉर्कचा पाना नसेल तर तो असलेल्या ठिकाणी जा. जुना स्पेसर तोंडाला चेपला असेल तर घासू नका, फेसिंग मारू नका, नवा आणा. त्याची किंमत एका वेळच्या टेंपोभाड्यापुढे काहीच नाही.

गाडी धुण्याआधी अर्धा तास थंड होऊ द्या. हब, ॲक्सलची टोकं आणि चेन यांच्यावर प्रेशरचा फवारा नको. बादली आणि फडकं पुरतं. गल्लीत गुडघाभर पाणी साठलं आणि त्यातून गाडी गेली, तर पाऊस थांबल्यावर चाक एकदा हलवून, फिरवून बघा. चेन नको तितकी ताणू नका, ताठ चेन मागच्या बेअरिंगांना रात्रंदिवस एका बाजूला ओढत असते. चेन किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि काही गाड्यांवर स्टिकरही असतो. रबरी सीलच्या बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरायचा उद्योग करू नका, ते भरूनच येतं. फक्त बाहेरच्या ऑइल सीलच्या ओठाला बोटाने थोडं ग्रीस लावा.

चौथी जोडी मुलाने स्वतः बसवली. मेस्त्री आणि मी दोघं बाजूला उभे होतो, आणि हात न लावण्याचं वचन पाळायला मला कष्ट पडले. नट आवळून त्याने चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. त्या जोडीवर आता अकरा हजार किलोमीटर झालेत, अख्खा उरलेला पावसाळा आणि कित्येक चोर्ले धरून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो चाक हलवतो, मी ऐकतो.

डबा अजून माळ्यावर आहे. त्यात सहा बेअरिंगांबरोबर ती आखूड नळीही ठेवलीय. कुणी घरी आलं आणि गाडीचा विषय निघाला की मी ती काढून दाखवतो. तुमच्या दारातली गाडी आज रात्री जागेवर लागली की तिचं चाक एकदा हलवून बघा.